न पाहिलेल्या यंत्रांसाठी

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं मॉड्यूल सीपॅन या सार्वजनिक भांडारावर चढवणं आज इतकं सोपं झालं आहे की त्यात सांगण्यासारखं काही असेल, असं माझ्याबरोबर काम शिकणाऱ्या मुलांना वाटतच नाही. त्यांचं काही चूक नाही. एक आज्ञा दिली की आवृत्तीचा क्रमांक वाढतो, बदलांच्या नोंदीत तारीख पडते, चाचण्या होतात, गठ्ठा बांधला जातो आणि योग्य जागी जाऊन पोचतो. मी हे काम सुरू केलं तेव्हा विसावं शतक संपत आलं होतं. पुण्यात व्हीएसएनएलचं डायल-अप होतं आणि यातली प्रत्येक पायरी हातानं चढावी लागे. त्या पायऱ्यांची मला फारशी आठवण येत नाही. आठवतात ती यंत्रं. ती मी कधीच पाहिली नव्हती आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं कोड दुरुस्त करत होतो.

भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि सीपॅन सर्वांसाठी खुलं झालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. फिनलंडच्या यार्को हिएतानिएमी यांनी फुनेट या नेटवर्कच्या सर्व्हरवर हे भांडार उभं केलं. जर्मनीच्या आंद्रेआस क्योनिग यांनी लेखकांसाठी पॉझ नावाचं प्रवेशद्वार लिहिलं. कोणीही लेखक आपलं मॉड्यूल तिथे आणून ठेवी आणि तिथून ते जगभरच्या प्रतींमध्ये पसरे. आज तिथे दोन लाखांहून अधिक मॉड्यूल आहेत. आमच्याकडे पर्ल पोचलं ते बहुधा पीसीक्वेस्ट मासिकासोबत मिळणाऱ्या लिनक्सच्या सीडीवरून. सीपॅनमधलं एखादं मॉड्यूल हवं असेल तर रात्री फोनची लाइन मोकळी सापडेपर्यंत थांबायचं, आणि उतरवलेली फाइल फ्लॉपीवरून चार मित्रांना वाटायची.

माझं मॉड्यूल लहानसं आहे. ठराविक रुंदीच्या रकान्यांच्या फाइली वाचायच्या आणि लिहायच्या, एवढंच त्याचं काम. बँकांच्या आणि बिलांच्या जुन्या यंत्रणा अशाच फाइली बाहेर टाकत: पहिली दहा अक्षरं खाते क्रमांक, पुढची तीस नाव, त्यापुढे रक्कम. मेनफ्रेमवर जन्मलेली फाइल युनिक्सवर यायची, तिथून कोणाच्या तरी विंडोज यंत्रावर जायची, आणि वाटेत तिचं काय काय होई ते निस्तरायला असं मॉड्यूल लागे. त्यामुळे आपला कोड दुसऱ्याच्या यंत्रावर चालेल ना, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून चिकटला.

मॉड्यूलचा सांगाडा एचटूएक्सएस नावाच्या साधनानं तयार व्हायचा. ते मुळात सी भाषेच्या हेडर फाइलींसाठी केलेलं, पण सी न वापरणारेही सगळे त्यानंच सुरुवात करत. मग मॅनिफेस्ट नावाची यादी: गठ्ठ्यात जाणाऱ्या प्रत्येक फाइलीचं नाव तिच्यात हवं. एक नाव राहिलं तर घरच्या यंत्रावर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होत, कारण फाइल तिथे डिस्कवर असायचीच. परक्या यंत्रावर मात्र पहिल्याच ओळीला गाडी अडायची. 'मेक डिस्टटेस्ट' ही आज्ञा त्यासाठीच होती. ती गठ्ठा बांधून, दुसऱ्या डिरेक्टरीत उलगडून, तिथे चाचण्या चालवी. मग एफटीपीनं तो गठ्ठा पॉझकडे पाठवायचा, तिथल्या पानावर जाऊन ही फाइल माझी असं सांगायचं, आणि सूचीत नोंद झाल्याचं पत्र येईपर्यंत जिवाची घालमेल. एका नावाची फाइल एकदा चढली की त्याच नावानं ती पुन्हा चढवता येत नाही. हा नियम आजही तसाच आहे आणि तो मला मनापासून योग्य वाटतो. ज्यानं काल आवृत्ती उतरवली आणि ज्यानं आज उतरवली, त्या दोघांच्या हाती एकच वस्तू पडली पाहिजे.

आवृत्तीच्या क्रमांकातही एक खाच होती. पर्लच्या जुन्या रीतीत तो दशांश अपूर्णांक मानला जातो. १.९ नंतर कोणी १.१० काढली, तर यंत्राच्या लेखी ती १.१ झाली, म्हणजे मागे गेली, आणि कोणाच्याच संगणकावर नवी आवृत्ती पोचत नसे. म्हणून जुनी मंडळी पहिल्यापासून दोन दशांश स्थळं धरून चालत.

खरा अभ्यास होता तो यंत्रांचा. पर्लसोबत 'पर्लपोर्ट' नावाचा एक दस्तऐवज येतो. ख्रिस नँडोर यांनी तो आकाराला आणला, आणि पुढे ज्याला ज्या यंत्राची माहिती त्यानं ती त्यात घातली. मी तो छापून, शिवून घेतला होता. तांत्रिक लेखन म्हणून तो उत्तम आहेच, पण त्याहून अधिक म्हणजे तो माणसाची गृहीतं सोडवतो. ओळ कशानं संपते? युनिक्सवर एका खुणेनं, जुन्या मॅकवर वेगळ्या एका खुणेनं, विंडोजवर दोन्हींच्या जोडीनं. पर्लमध्ये 'नवी ओळ' म्हणून आपण जे लिहितो त्याचा जुन्या मॅकवरचा अंकच निराळा होता. म्हणून नेटवर्कवर काही पाठवताना ओळीचा शेवट चिन्हानं न लिहिता थेट अष्टमान अंकांत, ०१५ आणि ०१२ असा लिहावा, ही शिस्त तिथून लागली. विंडोजवर फाइल साध्या मजकुराच्या पद्धतीनं उघडली तर दोन खुणांची एक होते आणि अक्षरं मोजून रकाना शोधणाऱ्या माझ्यासारख्याच्या मोजणीचं गणित प्रत्येक ओळीगणिक एकेका अक्षरानं सरकतं. मधेच २६ हा अंक आला तर फाइल तिथेच संपली असं मानलं जातं. 'बिनमोड' ही एक आज्ञा हे सगळं टाळते. युनिक्सवर तिचा काहीच परिणाम दिसत नाही, म्हणूनच युनिक्सवाले ती हमखास विसरत.

मेनफ्रेमवरच्या एब्सिडिक या लिपिसंकेतात इंग्रजी वर्णमाला सलग नाही. 'आय'नंतर आणि 'आर'नंतर मोकळ्या जागा आहेत. अक्षराच्या अंकात एक मिळवला की पुढचं अक्षर मिळतं, असं जो धरून चालेल तो तिथे अडखळणार. क्रम लावला तर आधी लहान लिपीतली अक्षरं, मग मोठ्या लिपीतली, आणि अंक सगळ्यांत शेवटी; आपल्या ओळखीच्या आस्कीच्या बरोब्बर उलट. सनच्या स्पार्क यंत्रावर लिहिलेला चार बाइटांचा आकडा इंटेलच्या यंत्रावर वाचला तर बाइटांचा क्रम उलटा लागायचा. आकडे बाइटांत बांधणाऱ्या पर्लच्या 'पॅक' आज्ञेत त्यावर साधा उपाय होता: 'एन' म्हणजे नेटवर्कचा क्रम, 'व्ही' म्हणजे व्हॅक्स यंत्राचा क्रम. यांपैकी एक ठरवून वापरायचा, यंत्राच्या मर्जीवर सोडायचं नाही.

आणि व्हीएमएस! तिथला फाइलीचा पत्ता पाहून मी थक्क झालो होतो. आधी डिस्कचं नाव, मग अपूर्णविराम, मग चौकटी कंसात ठिपक्यांनी जोडलेल्या डिरेक्टऱ्या, मग फाइलीचं नाव, आणि शेवटी अर्धविरामानंतर आवृत्तीचा क्रमांक. त्या प्रणालीत फाइलीच्या जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात. फाइल पुसली तर फक्त शेवटची आवृत्ती जाते आणि आधीची तिच्या जागी उभी राहते. म्हणून चाचणीनं केलेली तात्पुरती फाइल खरोखर नाहीशी करायची तर 'पुसता येतं आहे तोवर पुसत राहा' असं एका ओळीचं चक्र लिहावं लागे. ती ओळ आजही असंख्य मॉड्यूलांच्या चाचण्यांत दिसते. नवी मुलं विचारतात, एकच फाइल पुन्हा पुन्हा का पुसली आहे? मग व्हीएमएसची सगळी गोष्ट सांगायला मला निमित्त मिळतं.

ही यंत्रं माझ्याकडे कुठून असणार? कोणाकडेच सगळी नव्हती. म्हणूनच १९९८ साली सीपॅन टेस्टर्स सुरू झालं, आणि माझ्या मते सीपॅनच्या इतिहासातली ती सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे. कल्पना सरळ होती. जगभरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या यंत्रावर नवी मॉड्यूल उतरवायची, त्यांच्या चाचण्या चालवायच्या आणि निकाल लेखकाला कळवायचा. पास, फेल, या यंत्राला लागू नाही, किंवा कळत नाही, असे चारच शेरे. सोबत त्या यंत्राची पूर्ण कुंडली: पर्लची आवृत्ती, कंपायलर, पूर्णांकाची रुंदी, बाइटांचा क्रम. मॉड्यूल चढवलं की दोन-तीन दिवसांत पत्रं येऊ लागायची. एचपी-यूएक्स, आयरिक्स, एआयएक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस. नकाशात गावांची नावं वाचावीत तशी मी ती नावं वाचत असे.

फेल आलं की पत्रव्यवहार सुरू व्हायचा. समोरचा माणूस अनोळखी, बहुतेकदा दुसऱ्या खंडातला, आणि त्याच्या यंत्रावर मला हात लावता येत नसे. म्हणून नेमका प्रश्न विचारायचा: ही तीन ओळींची आज्ञा चालवून काय छापून येतं ते कळवाल का? तो दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचा. त्यावर मी एक अंदाज बांधून एक पॅच पाठवायचो, समोरचा तो लावून पाहायचा, पुन्हा कळवायचा. एआयएक्सवरच्या एका तापदायक दोषासाठी असा पत्रव्यवहार कितीतरी आठवडे चालला होता आणि त्या गृहस्थांनी एकदाही कंटाळा दाखवला नाही. त्यांचा माझ्या मॉड्यूलशी काही संबंध नव्हता. ते स्वतः ते वापरतही नव्हते. आपल्या यंत्रावर एक गोष्ट चालत नाही, ती चालली पाहिजे, एवढ्यासाठी ते वेळ देत होते. हल्लीचं जग उतावीळ आहे अशी तक्रार मी करणार नाही. पण नेमका प्रश्न कसा विचारावा हे मी कोणत्याही वर्गात शिकलो नाही, या पत्रांत शिकलो. एका फेरीला एक दिवस लागतो म्हटल्यावर माणूस लिहिण्याआधी विचार करतो.

कॉम्पॅकची आणि पुढे एचपीची टेस्ट ड्राइव्ह नावाची सोयही काही वर्षं होती. नाव नोंदवलं की त्यांच्या अल्फा आणि व्हीएमएस यंत्रांवर टेलनेटनं शिरता यायचं. फोनच्या लाइनवरून एकेक अक्षर उमटे. पण व्हीएमएसच्या खऱ्याखुऱ्या प्रॉम्प्टवर माझ्या चाचण्या पास झालेल्या मी पाहिल्या तो आनंद अजून ताजा आहे.

विंडोजची कथा वेगळी. तिथे माणसं भरपूर, पण कंपायलर नाही. ॲक्टिव्हपर्ल हे तिथलं तयार पर्ल ज्या कंपायलरनं बांधलेलं, तोच विकत घेतलेला असेल तरच सी असलेली मॉड्यूल बांधता यायची. नाहीतर कोणीतरी तयार बांधून ठेवलेला गठ्ठा शोधायचा. ॲडम केनेडी यांचं स्ट्रॉबेरी पर्ल कंपायलर बरोबर घेऊन आलं आणि विंडोजवरच्या लोकांना सीपॅन खऱ्या अर्थानं उघडलं. तोवर आमच्यासारख्या लेखकांना विंडोजच्या तऱ्हा वापरकर्त्यांच्या पत्रांतूनच कळत. उघडी असलेली फाइल तिथे पुसता येत नाही. आज्ञेत एकेरी अवतरणचिन्हं चालत नाहीत. मोठी संख्या घातांकी रूपात छापली तर युनिक्सवर घातांक दोन अंकी, विंडोजवर तीन अंकी. '१५' च्या जागी '०१५' पाहून जुळणी करणारी चाचणी फेल.

आणखी एक दोष कित्येक मॉड्यूलांत सापडायचा. यंत्र विंडोज आहे का हे ओळखायला लोक प्रणालीच्या नावात 'विन' ही अक्षरं शोधत. विंडोजचं नाव पर्लमध्ये 'एमएसविन३२', म्हणजे बरोबर सापडे. मग ॲपलची नवी प्रणाली आली आणि पर्लमध्ये तिचं नाव ठरलं 'डार्विन'. त्यातही 'विन' आहेच! मॅकवर बसलेल्या माणसाच्या फाइलींचे पत्ते उलट्या तिरप्या रेघांनी जोडले जाऊ लागले. विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणाऱ्या 'सिग्विन'चीही तीच गत. उपाय एकच: पूर्ण नाव ताडून पाहायचं, आणि शक्य असेल तिथे नाव विचारायचंच नाही, पत्ता जोडायचं काम फाइल-स्पेक या मॉड्यूलवर सोपवायचं. मॅकच्या डिस्कवर लहान-मोठ्या लिपीचा भेद धरला जात नाही, त्यामुळे एलडब्ल्यूपी या प्रसिद्ध मॉड्यूलाबरोबर येणारी मोठ्या लिपीतली 'हेड' ही आज्ञा युनिक्सच्या लहान लिपीतल्या मूळ 'हेड'वर जाऊन बसायची.

मॅकच्या डिस्कनं दिलेला एक धडा मात्र थेट मराठीशी जोडलेला आहे, आणि तो मला या सगळ्यांत सर्वांत जवळचा वाटतो. 'दुसऱ्या'तला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन खुणांनी. दोन्ही युनिकोडच्या लेखी समान आहेत, पण बाइट वेगळे. मॅकची एचएफएस प्लस ही जुनी फाइलव्यवस्था नावं साठवताना अशी अक्षरं सुटी करून ठेवत असे. म्हणजे 'दुसऱ्या' नावाची फाइल आपण एका अक्षरानं लिहायची आणि डिरेक्टरीची यादी वाचली की तीच फाइल दोन खुणांनी परत यायची. डोळ्यांना फरक शून्य. पर्लनं बाइट ताडले की दोन नावं वेगळी. फ्रेंच आणि जर्मन लेखकांना हा अनुभव त्यांच्या स्वरचिन्हांमुळे आधीच आला होता. मराठीत तो 'ऱ'मुळे येतो, आणि 'ऱ' तर आपल्या अनेकवचनांत आणि सामान्यरूपांत पदोपदी. माझ्या चाचण्यांत मी मुद्दाम मराठी नावाची एक फाइल ठेवली होती म्हणून हे उघडकीला आलं. उपाय पर्ल ५.८ पासून सोबतच मिळणाऱ्या युनिकोड-नॉर्मलाइझमध्ये होता: ताडण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणायच्या. नव्या एपीएफएसवर नाव जसं दिलं तसंच राहतं, त्यामुळे आज तो दोष दिसणार नाही. तरी ती चाचणी मी काढलेली नाही. मराठी नावाच्या फाइली जगातल्या सगळ्या डिस्कांवर नीट उघडल्या पाहिजेत, हे पाहणारं दुसरं कोणी त्या गठ्ठ्यात नाही. विंडोजवर पर्लमधून देवनागरी नावाची फाइल सरळपणे उघडणं तर आजही जमत नाही. त्यासाठी वेगळी मॉड्यूल लागतात.

आता एक बदल ढकलला की गिटहबच्या यंत्रांवर लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर, पर्लच्या जुन्या-नव्या डझनभर आवृत्त्यांवर चाचण्या होतात, आणि उत्तर काही मिनिटांत हाती. तेव्हा महिन्यांत व्हायचं ते काम आता दुपारच्या जेवणाआधी संपतं. मला हे मनापासून आवडतं; त्या जुन्या दिवसांत कोणी ही सोय दिली असती तर मी नाचलो असतो. पण मुलांना मी एक गोष्ट दाखवत असतो. त्या तीन हिरव्या खुणांत बाइटांचा क्रम एकाच प्रकारचा आहे, लिपिसंकेत एकच आहे, तिघांतली दोन तर युनिक्सच्याच घराण्यातली. आमच्या वेळच्या टेस्टरांच्या पत्रांत जेवढी विविधता होती तेवढी त्यात नाही. हिरवं दिसलं म्हणजे सगळीकडे चाललं, असं नव्हे.

याचा प्रत्यय डेबियन या लिनक्स वितरणामुळे येतो. तिथला पर्ल गट सीपॅनवरची हजारो मॉड्यूल पॅकेज करतो, आणि ती डेबियनच्या वेगवेगळ्या यंत्ररचनांवर तपासली जातात. त्यांत आयबीएमची एस३९०एक्स ही मेनफ्रेम-रचना आहे, जिथे बाइटांचा क्रम आजही उलटा. मध्यंतरी एका तरुण सहकाऱ्यानं माझ्या मॉड्यूलात वेग वाढवणारा सुंदर बदल केला होता. तिन्ही यंत्रांवर हिरवा, एस३९०एक्सवर तांबडा. कारण तेच जुनं: 'पॅक'मध्ये यंत्राच्या मर्जीवर सोडलेला क्रम. दुरुस्ती एका अक्षराची होती. तो मला म्हणाला, "सर, पण असली यंत्रं आता वापरतं कोण?" मी म्हटलं, "अरे, ज्या बँकांच्या फाइली आपण वाचतो त्यांची विचारपूस कर." त्यानं मग संध्याकाळी बसून सगळा पर्लपोर्ट वाचून काढला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच कोडमधल्या आणखी दोन जागा दाखवल्या.

सांभाळण्याचं काम मात्र बदललेलं नाही, उलट वाढलं आहे. कोडमधलं एक अक्षर न बदलता मॉड्यूल मोडू शकतं, कारण खालची जमीन सरकते. २०१३ साली पर्ल ५.१८ नं हॅशमधल्या किल्ल्यांचा क्रम दर खेपेला वेगळा केला, सुरक्षिततेसाठी. ज्या चाचण्या नकळत एका क्रमावर विसंबून होत्या त्या कधी पास, कधी फेल होऊ लागल्या. २०१७ साली ५.२६ नं मॉड्यूल शोधण्याच्या वाटांतून चालू डिरेक्टरी काढून टाकली आणि सीपॅनवरची कित्येक जुनी मॉड्यूल स्थापित होईनात. दोन्ही बदल योग्यच होते. त्या काळात टेस्टरांच्या अहवालांनी आणि अनोळखी लोकांच्या पॅचनी शेकडो मॉड्यूल तगली. ज्यांचे लेखक हे क्षेत्र सोडून गेले किंवा जगातून गेले, त्यांची मॉड्यूल पॉझवर दुसऱ्याच्या नावे करता येतात. 'मला दत्तक घ्या' अशा अर्थाचं एक खास नावच तिथे आहे. अशी दोन मॉड्यूल मीही घेतली. त्यांच्या बदलांच्या नोंदी वाचताना मूळ लेखकानं कोणाकोणाचे आभार मानले आहेत ते दिसतं: अमक्यांनी ओएस/२ वर चालवून दाखवलं, तमक्यांनी मॅकपर्लसाठी दुरुस्ती दिली. त्या नोंदी मी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पुढच्या आवृत्तीची तयारी चालली आहे. जुन्या मॅकसाठी लिहिलेला भाग आम्ही काढला. ती प्रणाली बंद होऊन दोन दशकं उलटली आणि चालवून पाहायला यंत्र नाही. व्हीएमएसचा भागही काढावा, अशी सूचना सहकाऱ्यानं केली होती. त्यावर बराच विचार केला. पण व्हीएमएस संपलेलं नाही: २०२२ साली त्याची इंटेलच्या साध्या ६४-बिट यंत्रांवर चालणारी आवृत्ती ग्राहकांसाठी निघाली, आणि पर्लच्या मूळ कोडमध्ये व्हीएमएसचा भाग अजून सांभाळला जातो. तेव्हा आमचाही तो भाग राहील. त्याची चाचणी सहकारी नव्यानं लिहितो आहे. क्रमांकात अधोरेखा घालून आधी कच्ची आवृत्ती चढवू. अशी आवृत्ती सूचीत जात नाही, पण टेस्टर तिला हात लावतात. त्यांचे अहवाल आले की मग पक्की.